बाबांच्या कानातला कापूस

आमच्या घरात बाबांचा धड असा एकही फोटो नाही, हे आम्हाला बाबा गेल्यावर कळलं.

लग्नाच्या अल्बममध्ये आहेत, पण तिथे मुंडावळ्यांच्या आडून नुसतं नाक दिसतं. आणि एक आधार कार्डावरचा आहे. तो पाहून बाबा स्वतःच म्हणायचे, "हा माणूस मला बसमध्ये भेटला ना, तर मी आधी खिसा सांभाळीन." तोच फोटो मोठा करून घ्यायला श्रीपाद काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मेन रोडवरच्या नथ्थू भैयाच्या स्टुडिओत निघाले होते. तेरवी जवळ आली होती. तेरवीला पाटावर फोटो ठेवतात, त्याला हार घालतात, आणि मग तोच फोटो कायमचा भिंतीवर जातो.

"हा नाही," मी म्हटलं.

काका एक चप्पल घालून थांबले. "काहून?"

"बाबा असे नव्हते दिसत."

"बेटा, दुसरा आहे का तुझ्याजवळ? असेल तर दे. मी तोच नेतो."

दुसरा नव्हता. आणि हे मी म्हणून राहिले, जिला जबलपूरच्या अधारतालमधल्या आमच्या अख्ख्या कॉलनीत फोटोवाली म्हणून ओळखतात! दहावीपर्यंत मी वर्गात उभी राहिले की आवाज पोटातच राहायचा. मग अकरावीत बाबांनी कुठून तरी एक सेकंडहँड कॅमेरा आणला, खरा, लेन्सवाला. मी शाळेच्या अ‍ॅन्युअल डेचे फोटो काढले आणि एकदम सगळ्यांना माझं नाव माहीत झालं. आता प्रिन्सिपल मॅडम स्वतः म्हणतात, "गीतांजली को बुलाओ." गळ्यात कॅमेरा असला की मी कोणालाही सांगू शकते, सर, जरा डावीकडे सरका. आणि सर सरकतात. माझ्याजवळ गच्चीवरच्या माकडांचे फोटो आहेत, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलाचे आहेत, माझी मैत्रीण प्रणाली हिचे तर इतके आहेत की तिच्या आईजवळही नसतील. बाबांचा नाही.

याला कारण आई. म्हणजे आई नाही, आईची भीती. ती लहान असताना तिलवाऱ्याच्या संक्रांतीच्या मेळ्यात तिचा आणि तिच्या दोन भावांचा एक फोटो काढला होता. मधे जो मामा उभा होता, तो त्याच उन्हाळ्यात तापाने गेला. तिघांचा फोटो काढू नये, मधला जातो, असं तेव्हा कोणीतरी बोललं आणि ते आईच्या मनात बसलं ते बसलंच. आम्ही घरात बरोबर तिघं. मग जिथे जाऊ तिथे बाबा म्हणायचे, "चलो, तुम्ही दोघी उभ्या राहा, मी काढतो." भेडाघाटला आम्ही दोघी. माझ्या वाढदिवसाच्या केकमागे आम्ही दोघी. एखाद्या फोटोत आमच्या पायाशी बाबांची सावली पडलेली आहे, तेवढीच. मी कॅमेरा घेतल्यावरही ते म्हणायचे, "माझं काय काढतेस, रोजचंच तोंड आहे."

पण एकदा मी काढणारच होते. नौतपाच्या कॉन्सर्टमध्ये.

नौतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, आणि त्याच नावाचा हा आमच्या जबलपूरचा बँड. चौघं जण. आधी इथल्याच लग्नांत वाजवायचे, आता मुंबईला असतात, तरी गाण्यांत सगळं इथलंच असतं, इथली धूळ, इथलं ऊन. सौमित्र गातो. त्याचा आवाज असा आहे की जणू रात्रभर कोणाशी भांडून आता समजूत काढून राहिला आहे. मला आणि प्रणालीला त्यांचं सगळं पाठ होतं, गाण्याच्या मधे सौमित्र खोकतो तेसुद्धा. सगळ्यात लाडकं गाणं 'टीन की छत'. त्यात तो म्हणतो, टीन की छत पे धूप बजे, तू सुन के तो देख. मी सकाळी स्पीकरवर लावलं की बाबा दाढी करता करता ओरडायचे, "काय बोंबलून राहिला तो पोट्टा! म्हणे टिनावर ऊन वाजते. ऊन वाजताना ऐकलं का तू कधी?"

"बाबा, ते फील करायचं असते."

"मी बिजली ऑफिसात आहे, बेटा. उन्हात मला फक्त ट्रान्सफॉर्मर फुटताना ऐकू येते."

डिसेंबरात नौतपा इथे येणार असं कळलं तेव्हा मी पलंगावरून उडी मारली होती, खरोखरची. पण ऐनवेळी प्रणालीला व्हायरल झाला, आणि मला एकटीला आई पाठवणार नव्हती. मी तोंड पाडून बसले. बाबा ऑफिसातून आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "चल, मी येतो."

"तुम्ही?"

"काहून? मला कान नाहीत का?"

"कान राहणार नाहीत परत येईपर्यंत," आई म्हणाली. ती देवघरासमोर वाती वळत बसली होती. तिने वातींच्या डब्यातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि बाबांच्या हातात दिले. "घाला हे अहो. आधीच बीपी, त्यात तो धिंगाणा." बाबांनी तिथल्या तिथे कानात घातले आणि आई जे काही बोलेल त्याला "काय? काय?" करत राहिले. शेवटी आईने लाटणं दाखवलं, तेव्हा त्यांना ऐकू आलं.

गेटवर गार्डने कॅमेरा पाहिला आणि हात आडवा केला. "ये अंदर नहीं जाएगा." इतके दिवस मी फक्त त्याच फोटोंचा विचार करत होते. बाबा, जे भाजीवाल्याशीही खोटं बोलत नाहीत, त्यांनी खिशातून ऑफिसचं, फोटो पार पुसलेलं जुनं आयकार्ड काढून गळ्यात घातलं आणि म्हणाले, "भैया, बिजली विभाग से हैं. जनरेटर का लोड देखना है. ये मेरी असिस्टंट है, रिकॉर्ड के लिए फोटो लेगी." गार्डने माझ्याकडे पाहिलं. मी, अंगात पिवळा टॉप आणि गालावर रंगाने 'नौतपा' लिहिलेलं, असिस्टंटसारखा चेहरा केला. त्याने सोडलं. आत आल्यावर बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

आम्ही ढकलत ढकलत पार पुढच्या कठड्यापर्यंत पोचलो. माझी बॅग बाबांच्या खांद्यावर, पाण्याची बाटली त्यांच्या काखेत, लेन्सचं झाकण त्यांच्या मुठीत. आणि दिवे बंद झाले. मग अंधारातून पहिला ड्रम वाजला, तो कानात नाही, बरगड्यांत वाजला.

पहिलं गाणं सगळं वाया गेलं. स्टेजवर नुसता लाल उजेड, आणि लाल उजेडात चेहरे चिखलासारखे येतात. मी घाबरले. मग स्वतःला म्हटलं, गीतू, थांब. दिवा फिरून पांढरा होईल तेव्हाच दाब. दिवे एका ठेक्याने फिरत होते. चौथ्या ठोक्याला पांढरा. मी मोजू लागले आणि मग काय सांगू! सौमित्र हवेत, दोन्ही पाय वर. ड्रमवाल्याच्या केसांतून उडालेला घाम, एकेक थेंब वेगळा. स्टेजच्या कडेने एक दीदी दोन दोन कॅमेरे लटकवून फिरत होती, बँडची फोटोग्राफर. मधेच ती बँडच्या मागे जाऊन आम्हा लोकांचेच फोटो काढायची. मी सौमित्रकडे पाहत होते तितकंच तिच्याकडेही पाहत होते. मला तेच व्हायचं होतं, त्याच क्षणी, शाळा वगैरे सोडून.

आणि एकदम मला वाटलं की बाबांचा एक काढू. त्यांच्या चेहऱ्यावर स्टेजचा निळा उजेड पडला होता आणि ते छान दिसत होते.

"बाबा, इकडे पाहा!"

"काय?"

"तुमचा फोटो!"

त्यांनी माझ्या बाजूच्या कानातला बोळा काढला आणि वाकले. "काय म्हणते?"

"तुमचा एक काढते!"

"अगं, माझा काय काढतेस! तो पाहा, तो उड्या मारून राहिला, त्याचा काढ. ते आज आहेत, उद्या निघून जातील. मी कुठं चाललो?"

तेवढ्यात 'टीन की छत' सुरू झालं. मी स्टेजकडे वळले.

परत येताना आम्ही खव्याची जिलबी खाल्ली. मी विचारलं, कसं वाटलं? बाबा म्हणाले, "ठीक होतं. वायरिंग चांगलं केलं होतं."

फेब्रुवारीत एका सोमवारी ऑफिसचा जिना चढता चढता बाबा पायरीवर बसले. लोकांना वाटलं दम लागला. ते उठले नाहीत.

काकांना मी म्हटलं, दोन दिवस द्या. ते चप्पल काढून परत आत आले, एवढं त्यांचं चांगलं. मी कॉन्सर्टचे सगळे फोटो उघडले. शेकडो होते. मी प्रत्येक फोटोचा प्रत्येक कोपरा मोठा करून पाहिला. सौमित्र, सौमित्र, ड्रम, दिवे, सौमित्रचे बूट. एका फोटोत खालच्या कडेला एक अंगठा आला होता, झाकण धरलेला. बाबांचाच. नखाजवळ त्यांच्या जुन्या चटक्याचा डाग होता. मी तो अंगठा पाहत बसले. पण अंगठ्याला हार कसा घालणार?

मग मला ती दीदी आठवली.

मी नौतपाच्या पेजवर मेसेज टाकला. आधी लांबलचक लिहिला होता, मी तुमची किती मोठी फॅन आहे वगैरे. मग सगळं पुसलं आणि एवढंच लिहिलं की जबलपूरच्या शोमध्ये मी आणि माझे बाबा कठड्याला टेकून उभे होतो, मी पिवळ्या टॉपमध्ये, ते हिरव्या स्वेटरमध्ये, त्यांच्या खांद्यावर गुलाबी बॅग. ते आता नाहीत. तुमच्या कॅमेऱ्यात कुठे असतील तर पाठवाल का?

त्या दिवशी काही आलं नाही. पेजवर लोक दिल पाठवत होते, पुन्हा कधी येणार विचारत होते. काका दर थोड्या वेळाने माझ्याकडे पाहायचे. मला कळत होतं, आधार कार्ड त्यांच्या खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "गीतांजली, मैं मीरा. क्राउड के सारे फोटो भेज रही हूँ, जो छाँटे नहीं थे वो भी. आराम से देखना."

प्रणाली धावत आली. आई, प्रणाली आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. आम्ही लगेच सापडलो, गुलाबी बॅगमुळे. पण पहिल्या फोटोत बाबांच्या तोंडावर माझा कॅमेरा. दुसऱ्यात माझं कोपर. पुढच्यात माझे हात वर आणि त्यांच्या मागे बाबांचे फक्त केस. एकामागून एक. प्रत्येक ठिकाणी मीच. मी उसळ्या मारून राहिले होते आणि बाबा माझ्या आड.

"पुढे घे," आई म्हणत होती. "पुढे घे."

आणि मग सौमित्रची पाठ दिसली. त्याने माइक लोकांकडे धरला होता, तो 'टीन की छत'च्या शेवटी धरतो तसा, म्हणजे शेवटची ओळ लोकांनी म्हणायची. कठड्याशी मी, तोंडासमोर कॅमेरा. माझं कोपर या वेळी जरा खाली. आणि बाजूला बाबा, पूर्ण. निळा उजेड. मान वर. तोंड उघडं.

"जांभई देऊन राहिले का?" आईने विचारलं.

"काकू," प्रणाली हळूच म्हणाली, "ते गाऊन राहिले."

आम्ही मोठं केलं. मागच्या रांगेतल्या पोरीचं तोंड, तिच्या बाजूच्या पोराचं तोंड आणि बाबांचं तोंड, तिन्ही एकसारखी. एकच शब्द. बाबांना ती ओळ येत होती. दाढी करता करता रोज शिव्या देत होते आणि त्यांना ती पूर्ण येत होती.

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला.

नथ्थू भैयाच्या स्टुडिओत आम्ही तिघं गेलो, आई, काका आणि मी. मोठ्या स्क्रीनवर फोटो आला तसे काका पुढे वाकले. त्यांचे डोळे भरले, पण घरातलं आता तेच पाहत होते, म्हणून त्यांनी घसा साफ केला. "फोटो चांगला आहे. पण वहिनी, तोंड उघडं... तेरवीला लोक येतील."

"कोई दिक्कत नहीं," नथ्थू भैया म्हणाला. "आधार वाला चेहरा लगा देंगे. और कोट पहना दूँगा, नीला बैकग्राउंड. सबको कोट ही पहनाते हैं. कोट में बिटिया की कोहनी भी छुप जाएगी." त्याने भिंतीकडे हात केला. तिथे कितीतरी माणसं होती, वेगवेगळे चेहरे, सगळ्यांना तोच एक कोट.

"नको," मी म्हटलं. मग आईकडे पाहिलं, कारण हे माझं एकटीचं नव्हतं. "आई, बाबा गाऊन राहिले आहेत. राहू दे ना."

आई स्क्रीनकडे पाहत होती. "तोंड राहू द्या," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बदलला. "पण हिला काढा. आधी हिला काढा त्यातून. हाराच्या फोटोत माझी पोरगी नको." तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. मला तिची भीती कळली. मी तिला चिडवलं नाही.

नथ्थू भैयाने माउस माझ्याकडे सरकवला. कदाचित त्याला स्वतःला करवलं नाही. मी चौकट ओढत आणली, माझा पिवळा टॉप गेला, कॅमेरा गेला, कोपर गेलं. आधार कार्ड सोडलं तर पहिल्यांदाच बाबा फोटोत एकटे राहिले.

"और ये कान में?" नथ्थू भैयाने विचारलं. "रुई है क्या? हटा दूँ?"

एका कानात पांढरा बोळा स्पष्ट दिसत होता. दुसरा कान, माझ्या बाजूचा, मोकळा.

काका पटकन म्हणाले, "हो हो, हटाओ. वहिनी, कानात कापूस म्हणजे... आत्ताच तर आपण..." ते थांबले. बाबांना न्यायच्या आधी कानांत, नाकात कापूस घातला होता. ते आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"तो कापूस वेगळा," आई म्हणाली. "हा मी दिलेला आहे. जिवंतपणी. राहू दे."

आधार कार्ड काकांनी पाकिटात आत ठेवलं.

तेरवीच्या सकाळी पाटावर फोटो ठेवला. पनागरहून आलेल्या एका आत्याने विचारलंच, "अगं बाई, तोंड काहून उघडं?" मी सांगितलं, "गाऊन राहिले आहेत." ती म्हणाली, "योगेंद्र? गात होता?" मी म्हटलं, "हो." अगदी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लोक जेवायला बसायच्या आधी आई समईसाठी वाती वळत होती. तिने मला बोलावलं. "तो पूर्णवाला दाखव. तुझ्यासकट."

मी फोन दिला. तिने बाबा मोठे केले, त्यांचा कान मोठा केला, मग बोटांनी परत सगळा फोटो लहान केला. सौमित्रची पाठ, मी, बाबा, आणि मागे पार अंधारापर्यंत डोकीच डोकी, हातच हात.

"किती लोक आहेत गं फोटोत," आई म्हणाली. "तिघं नाहीत. किती तरी आहेत."

"हो."

"तरी गेले."

मी तिच्याजवळ खाली बसले. तिने डब्यातून कापूस घेतला, बाबांचे बोळे केले होते तेच पुडकं, अजून संपलं नव्हतं, आणि तळहातावर वात वळायला घेतली. पहिली सुटली. तिने परत वळली.

"काडेपेटी दे," ती म्हणाली.